गटनेता कोणाचा?

सभागृहाच्या दारातून : लेखांक ६

बऱ्याच वर्षांपूर्वी ठाण्यात बातमीदारी करत असताना पाहिलेला एक कागद अजून डोळ्यांसमोर आहे. लांबट, टाइप केलेला. डावीकडे अनुक्रमांक, मधे नाव, उजवीकडे सहीसाठी चौकट. वर एकच वाक्य होतं : आम्ही खाली सह्या करणारे सदस्य अमुक यांची गटनेतेपदी एकमताने निवड करीत आहोत. 'अमुक'च्या जागी शब्द नव्हता, कोरी जागा होती. निवडणूक नुकतीच संपली होती, नगरसेवकांच्या गळ्यातले हार अजून सुकले नव्हते. कागद हातोहात फिरत होता आणि सह्या पडत होत्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका बाईंना मी विचारलं, "ताई, नाव कोणाचं?" त्या म्हणाल्या, "वरून येईल." सही करून त्यांनी कागद शेजारच्याकडे सरकवला.

संध्याकाळी नाव आलं. 'एकमताने निवड' अशी बातमी गेली. ती मीच लिहिली होती. त्या वेळी त्यात काही खटकलं नाही, आज खटकतं. पक्ष कोणता होता हे महत्त्वाचं नाही, कारण कोरी जागा सोडण्याची ही सवय एकाच पक्षाची नाही.

गेल्या लेखांकात आपण पक्षांतरबंदी कायदा पाहिला. या वेळी त्या कायद्याच्या दारातच उभ्या असलेल्या माणसाकडे, म्हणजे गटनेत्याकडे, पाहू. सभागृहात पक्षाचे जेवढे सदस्य निवडून येतात त्यांचा मिळून विधिमंडळ पक्ष होतो आणि त्याचा प्रमुख तो गटनेता. पक्षाचे सदस्य कोण, पक्षाची घटना काय, सभागृहाशी पत्रव्यवहार कोण करणार, हे अध्यक्षांना कळवण्याची जबाबदारी त्याची. सरकार बनवायची वेळ आली की राज्यपालांकडे जाणाऱ्या पत्रावर सही त्याची. प्रतोद पक्षादेश काढतो, गटनेता सगळ्या गटाचा चेहरा असतो. तुम्ही आम्ही मत देतो एका उमेदवाराला. पण आपल्या मताचं सभागृहात पुढे काय व्हायचं, हे बरंचसं अशा माणसाच्या सहीवर ठरतं ज्याच्या निवडीत आपला काहीच सहभाग नसतो.

ठाणे-कल्याणच्या वाचकाला हा विषय लांबचा वाटू नये. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर शिवसेनेने विधिमंडळ पक्षाचा नेता म्हणून कोपरी-पाचपाखाडीचे एकनाथ शिंदे यांची निवड केली. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाने गटनेतेपद मुंब्रा-कळव्याच्या जितेंद्र आव्हाड यांना दिलं. त्याच वर्षी लोकसभेत शिवसेनेच्या गटाचं नेतृत्व कल्याणच्या श्रीकांत शिंदे यांच्याकडे आलं. ठाण्याहून धीम्या लोकलने कल्याणला निघालं तर तासाच्या आत तिघांचेही मतदारसंघ डोळ्यांखालून जातात.

आणि या पदावरून झालेला राज्यातला सर्वांत मोठा पेचही ठाण्याशीच जोडलेला आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी सेनेच्या आमदारांनी एकनाथ शिंदे यांना गटनेता केलं. आदित्य ठाकरे यांनी नाव सुचवलं होतं. २० जून २०२२ ला विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्या रात्री शिंदे काही आमदारांसह सुरतला गेले. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, पक्षाने त्यांना पदावरून काढलं आणि शिवडीचे अजय चौधरी यांना नेमलं. विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी ही नेमणूक मान्य केली. लगेच दुसऱ्या बाजूने ३४ आमदारांच्या सह्यांचा ठराव आला : गटनेते शिंदेच, आणि प्रतोद सुनील प्रभू नव्हेत, भरत गोगावले. सुरतेहून परत आलेल्या एका आमदाराने तर ही सही आपली नाहीच असं सांगितलं. पुन्हा तोच कागद, त्याच सह्या.

३ जुलैला नवे अध्यक्ष राहुल नार्वेकर निवडून आले आणि त्यांनी शिंदे व गोगावले यांना मान्यता दिली. ४ जुलैला शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी मंजूर झाला. सभागृहापुरतं प्रकरण मिटलं. खालचा प्रश्न मात्र तसाच राहिला : गटनेता नेमतं कोण, पक्ष की आमदार?

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याचं उत्तर दिलं. प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणून ३ जुलैची मान्यता बेकायदा. न्यायालयाने त्यासाठी नाळेची उपमा वापरली : आमदार पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो, सभागृहात बसल्यावर पक्षाशी असलेली नाळ त्याला तोडता येत नाही. यात मोठं शहाणपण आहे. सभागृहातलं बहुमत हाताशी आहे म्हणून पक्षच आपला, असं कोणी म्हणू लागलं तर चिन्ह पाहून शिक्का मारणाऱ्या मतदाराला अर्थ उरत नाही.

पण मग पक्ष म्हणजे कोण? न्यायालयाने अध्यक्षांना पक्षाची घटना पाहायला सांगितलं. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी निकाल दिला, तेव्हा वाद पक्षाच्या घटनेवरच येऊन अडला. १९९९ ची घटना धरायची की २०१८ ची? निवडणूक आयोगाच्या नोंदीत असलेली १९९९ ची घटना त्यांनी ग्राह्य धरली, शिंदे गट हाच खरा पक्ष ठरवला, गोगावले यांची नेमणूक वैध मानली आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र केलं नाही. हा निकाल कोणाला पटला, कोणाला नाही, हा वेगळा विषय. मला टोचतं ते दुसरंच. ज्या पक्षाला आपण दशकानुदशकं मतं दिली, त्याचा नेता कोणत्या लेखी नियमाने ठरतो हे मतदाराला सोडाच, खुद्द पक्षालाही वादाविना दाखवता येऊ नये?

हा रोग एका पक्षापुरता नाही. ३० ऑक्टोबर २०१९ ला राष्ट्रवादीच्या आमदारांनी अजित पवार यांना विधिमंडळ नेता निवडलं. २३ नोव्हेंबरच्या सकाळी भाजपसोबत त्यांचा शपथविधी झाला तो ५४ आमदारांच्या सह्यांच्या पत्रावर. पक्षाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की त्या सह्या नेता निवडल्याच्या होत्या, भाजपला पाठिंबा दिल्याच्या नव्हत्या. २३ नोव्हेंबरलाच पक्षाने गटनेतेपदाची जबाबदारी जयंत पाटील यांच्याकडे दिली होती. २६ नोव्हेंबरला न्यायालयाने दुसऱ्या दिवशी बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं आणि चाचणीआधीच ते सरकार पडलं. सह्या एका कामासाठी आणि कागद लागला दुसऱ्या कामाला, असा आरोप व्हायला जागा राहते, कारण सही करताना कागदावर काय लिहिलंय हे बघायची आपल्याकडे पद्धतच नाही.

पद्धत कशी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. बैठक होते, दिल्लीहून निरीक्षक येतात किंवा 'सर्वाधिकार पक्षप्रमुखांना' असा एका ओळीचा ठराव होतो. एक जण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या वाजतात. ४ डिसेंबर २०२४ ला भाजपच्या बैठकीला निर्मला सीतारामन आणि विजय रूपाणी निरीक्षक म्हणून आले आणि देवेंद्र फडणवीस यांची एकमताने निवड झाली. दोन्ही शिवसेनांत घरातली माणसं नेतेपदी आली : एकीकडे लोकसभेत श्रीकांत शिंदे, दुसरीकडे दोन्ही सभागृहांतल्या पक्षाचे नेते म्हणून आदित्य ठाकरे. नेत्याचा मुलगा लायक असू शकतो, कष्टाळूही असू शकतो. पण दुसरं नाव कधी मतपेटीपर्यंत आलंच नाही, तर ती लायकी सिद्ध कशावर करायची? बिनविरोध निवडीचं सर्वांत मोठं नुकसान खुद्द निवडून येणाऱ्याचं असतं.

२०२२ च्याच जून महिन्यात दुसरीकडे काय घडलं ते पाहा. ६ जूनला लंडनमध्ये हुजूर पक्षाच्या खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांवर, बोरिस जॉन्सन यांच्यावर, गुप्त मतदान घेतलं. बाजूने २११, विरोधात १४८. आकडे त्याच संध्याकाळी जाहीर झाले. विरोधात मत दिलं म्हणून कोणाची खासदारकी धोक्यात आली नाही, कोणाला दुसऱ्या गावच्या हॉटेलात मुक्काम करावा लागला नाही. जॉन्सन टिकले, पण १४८ हा आकडा लोकांसमोर राहिला आणि महिनाभरात त्यांना पायउतार होण्याची घोषणा करावी लागली. असंतोष मोजायला मतपेटी होती, म्हणून पक्ष फुटला नाही. आपल्याकडे तो मोजायची सोय नाही, म्हणून तो रात्री गाडीत बसतो.

महापालिकेतही हेच छोट्या आकारात घडतं. १५ जानेवारी २०२६ ला ठाण्याच्या १३१ आणि कल्याण-डोंबिवलीच्या १२२ जागांसाठी निवडणूक झाली. कल्याण-डोंबिवलीत तर पाच वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. अशा निवडणुकीनंतर पहिली धावपळ असते ती बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे गट नोंदवण्याची. त्या नोंदीत गटनेत्याचं नाव जातं आणि सदस्य अपात्रतेच्या कायद्याने सगळे त्या गटाला बांधले जातात. पुढे स्थायी समितीवर पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे कोण जाणार, स्वीकृत सदस्य कोण होणार, यात गटनेत्याचा शब्द चालतो. तुमच्या वॉर्डातल्या गटाराचा प्रस्ताव ज्या समितीसमोर जातो, तिथली खुर्ची अशी भरलेली असते.

मग करायचं काय? एक नियम आधीच हाताशी आहे. १३ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हे प्रलंबित असलेल्या माणसाला उमेदवारी दिली तर ती का दिली याचं कारण पक्षाने ४८ तासांत जाहीर करावं. 'निवडून येईल' हे कारण चालणार नाही, त्याची पात्रता आणि काम सांगावं. उमेदवारासाठी हे बंधन आहे. पण त्याच उमेदवारांमधून निवडून आलेल्या माणसाला पक्ष सगळ्यांच्या डोक्यावर बसवतो तेव्हा कारण द्यावं लागत नाही. हा फरक मला अन्यायाचा वाटतो. गटनेता नेमला की ४८ तासांत पक्षाने लोकांना सांगावं : याच्यावर गुन्हे कोणते, याला का निवडलं, आणखी कोणाची नावं होती. मतदान गुप्त व्हावं, आकडे जाहीर व्हावेत. काढतानाही कोणत्या कलमाखाली, किती जणांच्या उपस्थितीत काढलं ते लेखी असावं. पक्षाची घटना मराठीत छापून शाखेशाखेत ठेवावी, म्हणजे १९९९ ची की २०१८ ची हा प्रश्न न्यायालयापर्यंत जाणार नाही.

न्यायालयाने गटनेता पक्षाचा ठरवला. हा पक्षांना मिळालेला अधिकार आहे आणि त्यांच्यावर आलेलं ऋणही आहे. पद पक्षाचं असेल तर त्याचा हिशेब पक्षाने मतदाराला द्यायला हवा, कारण पक्षाला ते पद मतदाराच्या शिक्क्यानेच मिळालेलं असतं.

यातली सगळ्यात सोपी सुधारणा कायद्याचीसुद्धा वाट पाहत नाही. तो कागद समोर आला की नाव लिहिलेलं आहे का ते बघायचं. कोरं असेल तर पेन खाली ठेवायचं. त्या ताई आज पुन्हा भेटल्या तर मी त्यांना एवढंच सांगेन की त्या चौकटीतली सही त्यांची एकटीची नव्हती, त्यांच्या वॉर्डातल्या हजारो माणसांची होती.

(पुढच्या आठवड्यात : प्रतोद आणि त्याचा पक्षादेश. तो कधी बांधतो, कधी नाही?)