फराहबागेच्या कमानीखालचा उजेड

अहिल्यानगरात भिंगारजवळचा फराहबाग महाल मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ मध्ये पुरा झाला. तो एका मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला होता. तलाव आता कोरडा पडला आहे, त्यामुळे पाण्यावरून उसळून कमानींच्या पोटाखाली हलणाऱ्या उन्हाच्या जाळ्या आज कुणाला दिसत नाहीत. त्या पाहायच्या तर तलाव भरावा, नाहीतर संगणकाला उजेडाचा हिशेब करायला लावावा. दुसरा मार्ग सोपा वाटतो, पण तो जमायला संशोधकांची काही दशके गेली. नगर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने रे ट्रेसिंग, म्हणजे किरणांच्या मागाने केलेला हा हिशेब, शिकायला याच महालापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

कॉलेजात सुरुवात वेगळी होते. पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय दुसऱ्या वर्षी येतो. आधी ब्रेसनहॅमच्या रेषा, मग बहुभुज रंगवणे, मग गूरो आणि फाँग यांचे शेडिंग. फाँगची रीत १९७५ची. तिच्यात उजेड दिव्याकडून वस्तूवर येतो, तिथून डोळ्यात जातो आणि विषय संपतो. भिंतीवरून भिंतीवर, पाण्यावरून छतावर तो जातच नाही. त्याची भरपाई म्हणून सगळीकडे एकच ‘अँबियंट’ आकडा मिळवतात. परीक्षेपुरते हे ठीक, पण कमानीच्या पोटाला नुसता सपाट राखाडी रंग लागतो.

रे ट्रेसिंगची वाट वेगळी. आयबीएममधल्या आर्थर अ‍ॅपेलने १९६८ मध्ये डोळ्यापासून किरण सोडून सावल्या शोधल्या. बेल लॅब्जच्या टर्नर व्हिटेडने १९८० मध्ये तोच किरण आरशावरून परतवला, काचेतून वळवला. त्याचे ६४० बाय ४८० ठिपक्यांचे चित्र व्हॅक्स ११/७८० या यंत्रावर ७४ मिनिटांत तयार झाले. व्हिटेडच्या रीतीने तलावातले महालाचे प्रतिबिंब चोख येईल. जाळ्या मात्र येणार नाहीत. डोळ्याचा किरण कमानीच्या खडबडीत दगडाला लागला की तिथून सूर्य सरळ दिसतो का, एवढेच ही रीत तपासते. सूर्य छताआड असतो, म्हणून उत्तर अंधार.

१९८६ मध्ये जेम्स काजियाने सगळे एका समीकरणात बसवले: कुठल्याही बिंदूतून निघणारा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड, अधिक सर्व दिशांनी येऊन पृष्ठाने परतवलेला. येणाऱ्या उजेडालाही हेच समीकरण लागू, म्हणून हिशेब संपत नाही. त्यावर तोड एकच, यादृच्छिक दिशांना किरण सोडायचे आणि सरासरी काढायची. चित्रावर रवा दिसतो. तो निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात. कमानीखाली एवढ्यानेही भागत नाही. दगडावरून निघालेला किरण पाण्याला लागून नेमका अर्ध्या अंशाच्या सूर्यबिंबावर जाऊन आदळावा, हा योग फारच दुर्मिळ. हजारो किरणांनंतर पदरात पडतात ते चार भगभगीत ठिपके.

ही गाठ सोडवण्यात मुंबईचाही हात आहे, आणि तो प्रसंग वर्गात सांगितलेला मी तरी ऐकलेला नाही. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीएसटीत, सुमंत पट्टनाईक आणि सुधीर मुदूर यांनी १९९२ मध्ये उजेडाचे कण दिव्यापासूनच सोडले, त्यांना जागोजागी उसळू दिले आणि ते कुठे पडतात याची नोंद ठेवली. पुढच्या वर्षी त्यांनी उलट बाजू मांडली: अमुक ठिकाणाहून निघालेला उजेड आपल्याला हव्या त्या भागापर्यंत किती पोचेल? १९९५च्या जानेवारीत ‘एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स’मध्ये आलेल्या लेखात काजियाचे समीकरण आणि हे उलट बाजूचे समीकरण एकमेकांची जोडीदार म्हणून उभी राहिली. दोन्ही टोकांकडून निघून मधे गाठ घालणाऱ्या रीतीही त्याच सुमारास युरोपात आणि अमेरिकेत तयार झाल्या. हेन्रिक वान येन्सनचा फोटॉन मॅप १९९६चा. फराहबागेला हेच लागते: सूर्याकडून निघालेले कण लाटांवरून वळतात, दगडावर दाटतात, आणि जाळी उमटते.

आज साधने हाताशी आहेत. पीटर शर्लीचे ‘रे ट्रेसिंग इन वन वीकेंड’ हे २०१६चे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येते. सी++चे थोडे ज्ञान पुरते. फार, याकोब आणि हम्फ्रीज यांचा जाडजूड ‘फिजिकली बेस्ड रेंडरिंग’ही तसाच फुकट मिळतो, पण तो पुढच्या वर्षासाठी ठेवावा. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये असे किरण सोडणारे सायकल्स हे इंजिन २०११ पासून आहे. २०१८ पासून किरणांसाठी वेगळे सर्किट असलेली ग्राफिक्स कार्डे बाजारात आहेत. ती नसली तरी अडत नाही, चित्र लहान ठेवावे.

महाल अष्टकोनी आहे, एक बाजू मांडली की बरेच काम होते. वेळ मात्र सकाळची घ्यावी. नगर १९ अंश अक्षांशावर आहे. विषुवदिनी मध्यान्हीचा सूर्य ७१ अंशांवर असतो. तेव्हा पाणी जेमतेम २ टक्के उजेड परतवते, आणि तोही ताठ वर जाऊन कमानीच्या कडेलाच लागतो. सूर्य २० अंशांवर असताना १३ टक्के परततो आणि आत खोलवर शिरतो. पाण्याला सपाट ठेवले तर जाळी येणार नाही, साइन लाटा घालाव्यात. आणि शिकताना रवा पुसणारा डिनॉइझर बंदच असावा. रव्याबरोबर तो जाळीची बारीक किनारही पुसून टाकतो, आणि चूक आपल्या प्रोग्रॅमची होती की त्याची, हे कळायला मार्ग उरत नाही.