नोकरदार घर आणि लहान चणीचे पिल्लू

रत्नागिरीसारख्या शहरात घरातील सर्व प्रौढ सकाळी कामावर जाऊन सायंकाळी परतत असतील, तर पग, शित्झू किंवा पॉमेरेनियन जातीचे पिल्लू तेथे रुळेल का, हा प्रश्न त्याच्या आकारापेक्षा त्याच्या वयाशी आणि घराच्या दिनक्रमाशी अधिक निगडित आहे. २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार पैदासकारांना ८ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. मात्र ८ आठवड्यांच्या पिल्लालाही साधारणतः दोन-तीन तासांपेक्षा अधिक काळ लघवी रोखता येत नाही, आणि अगदी लहान जातींच्या पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते, कारण उपवास लांबल्यास त्यांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते.

कोकणातील हवामानही येथे निर्णायक ठरते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. त्यामुळे पगसारख्या चपट्या नाकाच्या, म्हणजेच श्वसनमार्ग आखूड व अरुंद असलेल्या जातींना दमट उकाडा सोसत नाही. शित्झूचे लांब केस पावसाळ्यात ओलसर राहिल्यास त्वचेचे विकार बळावतात, तर उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाविरुद्ध लसीकरण आवश्यक ठरते.

दुपारी घरी आजी-आजोबा किंवा विश्वासू शेजारी लक्ष देणार असतील, तरच पिल्लू आणावे. अन्यथा शिस्त लागलेला प्रौढ कुत्रा अधिक योग्य. निर्णय विचारपूर्वक घ्यावा, कारण पिल्लाची जबाबदारी बारा ते पंधरा वर्षांची असते.