रक्तवाटा (लेखांक ७) : घाट चढणारं रक्त

जून सरत आला आणि मावळात भातलावणीची घाई सुरू झाली की माझ्याकडे घोट्यांच्या जखमा यायला लागतात. जखमा नव्या नसतात. उन्हाळाभर फडक्याखाली झाकून ठेवलेल्या असतात. आता खाचरात उतरायचं म्हटल्यावर घरातलं कुणीतरी म्हणतं, एकदा दाखवून तरी ये.

गेल्या वर्षी नाणे मावळातल्या एक मावशी अशाच आल्या. वय साठीच्या आसपास. फडकं सोडलं तर आतल्या घोट्याच्या चार बोटं वर एक उथळ, ओलसर जखम, कडा वेड्यावाकड्या. भोवतीची कातडी काळपट तपकिरी आणि हाताला वाळल्या चामड्यासारखी कडक. हळद भरून झाली होती, दगडीपाल्याचा रस पिळून झाला होता, मेडिकलमधून आणलेली तीन-चार मलमं संपली होती. साखर तपासलेली होती, ती ठीक होती. जखम भरत यायची आणि महिन्याभराने पुन्हा फुटायची. अशी तीन वर्षं गेली. मी त्यांना उभं राहून लुगडं गुडघ्यावर धरायला सांगितलं. पोटरीच्या आतल्या अंगाने करंगळीएवढी जाड, निळसर, नागमोडी शीर मांडीपर्यंत चढत गेली होती.

"ती व्हय? ती पोरं झाली तवापासनं हाय," मावशी म्हणाल्या. "तिचा काय तरास न्हाई."

सगळा त्रास तिचाच होता.

मागच्या सहा लेखांत आपण धमन्यांच्या वाटेने फिरलो. धमनीतल्या रक्ताच्या पाठीशी हृदयाचा जोर असतो. शिरांतल्या रक्ताला पावलापासून छातीपर्यंत घाट चढायचा असतो, आणि केसाहून बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून येताना तो जोर बहुतेक संपलेला असतो. लोणावळ्याच्या माणसाला घाट समजावून सांगायला नको. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, कारण इथला रूळ ३७ मीटरला १ मीटर चढतो. पायातल्या रक्ताचं बँकर म्हणजे पोटरी. पाऊल टाकलं की पोटरीचे स्नायू आवळतात, त्यांच्यामधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. मग पोटरी सैल पडल्यावर ते पुन्हा खाली का येत नाही? जुन्या खंडाळ्याच्या घाटात भरलेला ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावायचा. शिरेत असे दगड जागोजागी लावलेले आहेत. त्या झडपा आहेत, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. पडुआच्या फॅब्रिशियसने १६०३ मध्ये त्यांचं वर्णन छापलं, आणि त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये त्यांचा खरा अर्थ लावला. झडप एकाच दिशेने उघडते, त्या अर्थी रक्त फिरून हृदयाकडेच जात असलं पाहिजे.

या झडपा सैल झाल्या की काय होतं ते आकड्यांत बघा. माणूस स्वस्थ उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेत साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. तो चालायला लागला की थोड्याच पावलांत हा दाब ३०च्या आसपास किंवा त्याखाली येतो. झडपा गेलेल्या पायात चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. वर ढकललेलं रक्त परत खाली येतं. या दाबाने बारीक वाहिन्यांतून पाणी झिरपतं, पाठोपाठ तांबड्या पेशी झिरपतात, फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साचतं. मावशींच्या घोट्याचा तो तपकिरी रंग लोहाचाच. अशा कातडीला पोषण नीट पोचत नाही. मग डास चावून खाजवल्याचं निमित्तही पुरतं, आणि पडलेली जखम भरत नाही.

आनुवंशिकता, बाळंतपणं, वाढतं वय, वजन, या सगळ्यांचा यात वाटा आहे. पण मावळात मला सगळ्यात जास्त दिसतं ते उभं राहणं. डेन्मार्कमध्ये नोकरदारांचा १२ वर्षं माग ठेवून २००५ मध्ये एक अभ्यास छापला गेला. कामाचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त वेळ पायांवर काढणाऱ्यांना फुगलेल्या शिरांपायी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा धोका इतरांच्या तुलनेत पुरुषांत १.७५ पट आणि स्त्रियांत १.८२ पट निघाला. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर चिक्कीचा कारखाना येतो. कढईतला पाक दाण्यांत ओतला की तो गार व्हायच्या आत लाटावा लागतो. लाटणारा दोन्ही पाय रोवून उभा असतो, हात आणि खांदे झपाझप चालतात, पोटऱ्या मात्र तासन्‌तास गप्प असतात, त्यात भट्टीची धग. उष्णतेने शिरा आणखी पसरतात. हॉटेलातला आचारी, लाइनवर उभा राहणारा कामगार, हायवेवरचा वाहतूक पोलीस, सगळ्यांच्या पायांचं बँकर बंद आणि गाडी घाटात उभी. लावणीची बाईसुद्धा पाय टाकते, पण वाकून, चिखलातून, वीतभर वीतभर मागे सरकत.

लोणावळ्यात राहून या विषयावर लिहायचं आणि कैवल्यधामचं नाव घ्यायचं नाही, हे व्हायचं नाही. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ मध्ये इथे आश्रम काढला आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसनाने काय होतं हे यंत्र लावून मोजायचं, असा त्यांचा आग्रह होता. १९२६च्या अंकांत त्यांनी आसनांतल्या रक्तदाबाचे प्रयोग छापले. शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा पुण्या-मुंबईतही रक्तदाब मोजणं सर्रास नव्हतं, तेव्हा या टेकड्यांमध्ये एक संन्यस्त माणूस दंडाला पट्टा बांधून पाऱ्याकडे बघत होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

१९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेहून यंत्रं घेऊन भारतात फिरले. त्यांच्या दौऱ्यात लोणावळाही होतं. काही योगी हृदय थांबवतात म्हणे, ते त्यांना तपासायचं होतं. दिल्लीच्या एम्समधले बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. दीर्घ श्वास घेऊन, कंठ बंद करून छाती-पोट आवळलं की मनगटाची नाडी हाताला लागेनाशी व्हायची, पण ईसीजीवर हृदयाचे ठोके चालूच असायचे. छातीत इतका दाब चढायचा की शिरांतलं रक्त हृदयात शिरतच नव्हतं. परतीची वाट अडली की हृदयाकडे पुढे ढकलायला काही उरत नाही, हे याहून स्वच्छ कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. श्वास कोंडून भाताचं पोतं उचलतानाही थोड्या वेळापुरतं हेच होतं, म्हणून उचलताना श्वास सोडत जा, असं मी हमालांना सांगतो.

"सर्वांगासन केलं तर शिरा बऱ्या होतील का?" हा प्रश्न मला इथे हमखास विचारतात. पाय वर गेले की शिरा रिकाम्या होतात, सूज उतरते, ठणका थांबतो. भिंतीला पाय टेकवून पडलं तरी चालतं, आणि रक्तदाब जास्त असलेल्यांनी तेवढंच करावं. पण सैल झालेली झडप आसनाने घट्ट होत नाही.

मग काय करायचं? आधी कलर डॉप्लर, तीही उभं करून. ही सोनोग्राफीच असते, तळेगावला किंवा पिंपरी-चिंचवडला सहज होते. रक्त कुठून उलटं येतंय आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे तिच्यात दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत ट्रेंडेलेनबर्गने मांडीतली शीर बांधायला सुरुवात केली, पुढे ती उपसून काढायची शस्त्रक्रिया रुळली. गेल्या पंचवीसेक वर्षांत लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी आली. गुडघ्याजवळ सुई टोचून शिरेत बारीक तार सरकवतात, शिरेभोवती भुलीचं पाणी भरतात आणि शीर आतून भाजून बंद करतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, ही भीती सगळ्यांना वाटते. पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांतूनच जातं. वरची बिघडलेली शीर उलट त्याला खाली आणत असते. औषधाचा फेस सोडूनही शीर बंद करता येते. लेझर, शस्त्रक्रिया आणि फेस या तीन उपायांची तुलना ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर झाली आणि २०१९ मध्ये तिचे निकाल आले. पाच वर्षांनंतर लेझर किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांची पायाबाबतची स्थिती फेसवाल्यांपेक्षा चांगली होती.

माझी स्वतःची पद्धत मात्र दुसऱ्या एका अभ्यासाने बदलली. आम्हाला शिकवलं होतं की आधी पट्टी बांधून जखम भरू द्यायची, शिरेकडे नंतर बघायचं. २००४ मध्ये ५०० रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं होतं की पट्टीसोबत शिरेची शस्त्रक्रिया केली तर वर्षभरात जखम परत फुटण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतं. पण जखम लवकर भरते का, हा प्रश्न राहिला होता. २०१८ मध्ये ब्रिटनच्या २० केंद्रांतल्या ४५० रुग्णांचा अभ्यास आला. सगळ्यांना घट्ट पट्ट्या बांधल्या होत्या. एका गटाची शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली, दुसऱ्याची जखम भरेपर्यंत किंवा सहा महिने थांबून. पहिल्या गटातल्या निम्म्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, दुसऱ्या गटाला तिथवर यायला ८२ दिवस लागले. मधले २६ दिवस म्हणजे आमच्याकडे लावणीचा अख्खा हंगाम. तेव्हापासून मी जखम भरायची वाट बघत नाही.

पट्टीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाय दुखतोय म्हणून कुणीही उठून घट्ट पट्टी बांधू नये. शिरेचं दुखणं उभं राहून वाढतं आणि पाय वर घेतल्यावर उतरतं. चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते, पाय गार पडतो, वर उचलला की पांढरा होतो, तर दुखणं धमनीचं असू शकतं. विडी ओढणाऱ्यांत ते आम्ही बरंच बघतो. अशा पायाला आवळलं तर उरलेलं रक्तही तुटतं. म्हणून आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात, मगच पट्टी.

आणि फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली तर घाबरून वर दोरी आवळू नका, त्याने धार वाढते. आडवं पडा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडाने जागेवरच दाबून ठेवा आणि दवाखाना गाठा.

मावशींची शीर जुलैत बंद झाली. लावणीला त्या गेल्या नाहीत, सुनेने आणि शेजारणींनी इरजिकीत उरकली. गणपतीच्या सुमारास जखमेवर गुलाबी कातडी धरली. कापणी संपल्यावर त्या दाखवायला आल्या, पट्टीसारखाच पाय आवळून धरणारा दाबाचा मोजा घालूनच. हा मोजा चढवणं तरण्या माणसालाही जमत नाही, म्हणून मी विचारलं, रोज कोण घालून देतं?

"कोन कशाला?" म्हणत त्यांनी कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी काढून दाखवली. आधी पाऊल पिशवीत, वरून मोजा ओढायचा, तो सर्रकन वर जातो, मग बोटांकडच्या उघड्या तोंडातून पिशवी खेचून घ्यायची.

"एवढं लिवा तुमच्या पेपरात," त्या म्हणाल्या. "बायका मोजा इकत आनत्यात आन फडताळात ठिवत्यात."