घरून काम करताना : कानात इअरफोन की टेबलावर स्पीकर?

आसनगाव, आटगाव, खर्डी भागातले बरेच नोकरदार आता आठवड्यातले काही दिवस लोकल न पकडता घरूनच काम करतात. दिवसभर मीटिंगा आणि कानात इअरफोन. मग तक्रारी सुरू होतात : कानात खाज, दडा बसणे, रात्री निजल्यावर कानात ‘सूं’ असा आवाज. ‘डॉक्टर, त्याऐवजी छोटे स्पीकर घेऊ का?’ असे विचारले तर मी बहुतेकांना ‘घ्या’ म्हणतो. मात्र स्पीकर आणला म्हणजे कान आपोआप वाचत नाहीत.

आतल्या कानातल्या ऐकण्याच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. आवाज किती मोठा आणि किती वेळ, या दोन्हींवर नुकसान ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. आवाज ३ डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास! घरून काम करणाऱ्याचे तेवढे तास एका दिवसात भरतात.

आपल्याकडे यात पावसाची भर पडते. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. आपण आवाज वाढवतो आणि पाऊस थांबल्यावर कमी करायला विसरतो. शिवाय दमट हवेत तासन्‌तास कान बंद राहिला की बुरशी धरते. पावसाळ्यात कान खाजणाऱ्यांना मी आधी इअरफोन काढून ठेवायला सांगतो. स्पीकरमुळे निदान कान मोकळा राहतो.

स्पीकर हाताच्या अंतरावर, कानाच्या उंचीला आणि तोंड आपल्याकडे करून ठेवा. खाली टेबलावर ठेवले तर ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे नीट पोहोचत नाहीत आणि हात पुन्हा बटणाकडे जातो. दोन पुस्तके खाली ठेवली तरी काम भागते. कोपऱ्यात ठेवू नका, आवाज घुमतो. स्पीकर चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज जास्त आहे. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अॅप फक्त अंदाजापुरते. खासगी बोलण्यासाठी इअरफोन लागणारच. तेवढ्यापुरते घाला आणि काढा.

आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, किंवा घरचे ‘टीव्ही किती मोठा!’ म्हणतात, असे असेल तर श्रवणचाचणी करून घ्या. पण एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले, तर कानात तेल घालून वाट पाहू नका. मळ असेल असे समजून चार दिवस घालवणारे बरेच असतात. त्यासाठी कल्याण-ठाण्याला जावे लागले तरी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा फायदा मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितक्या लवकर सुरू कराल तितका जास्त होतो.