'अपडेशन' आलं कुठून?

बँकेत 'केवायसी अपडेशन'ची पाटी, सोसायटीच्या ग्रुपवर 'डेटा अपडेशन'चा निरोप. हटकलं, तर उत्तर ठरलेलं: क्रियापदाला 'शन' लावलं की भाववाचक नाम होतं, शाळेत हेच शिकलो. क्रिएटचं क्रिएशन होतं, एज्युकेटचं एज्युकेशन होतं, मग अपडेटनंच काय घोडं मारलंय?

सांगतो. क्रिएट, एज्युकेट, ट्रान्सलेट यांच्या शेवटचं 'एट' मूळचं लॅटिन, आणि त्याच्याशी 'शन'चं जवळजवळ हमखास जमतं. ऑर्गनाइज–ऑर्गनायझेशन, क्लासिफाय–क्लासिफिकेशन याच वळणाचे. इथवर शाळेचा नियम चालतो. पण अपडेटमध्ये तो प्रत्यय आहेच कुठे? तिथे 'अप' आणि 'डेट' हे दोन अख्खे शब्द जोडलेले आहेत. शेवट कानाला सारखा लागला, एवढ्यावर नातं जुळवायचं? मग डिबेटचं 'डिबेशन' का करत नाही कोणी?

डिबेट हे क्रियापदही आहे आणि नामही. अपडेटचं तेच, शब्दकोशात दोन्ही नोंदी सापडतील. होप, अटॅक, अटेम्प्ट, रिप्लाय ही सगळी प्रत्ययाशिवायच नामं होतात. ही काही पळवाट नव्हे. क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या जाडजूड इंग्रजी व्याकरणात 'कन्व्हर्जन' या नावाने ही रीत प्रत्ययांच्या पंक्तीला बसवली आहे. 'अपग्रेडेशन'ला ऑक्सफर्डने 'भारतीय इंग्रजी' असा शिक्का मारून आत घेतलंय, हे खरं. तो वापराचा मान झाला. त्यावरून नियम सिद्ध होत नाही.

एकच प्रत्यय सगळीकडे चालावा ही अपेक्षाच चुकीची. ग्रोचं ग्रोथ, थिंकचं थॉट, फ्लायचं फ्लाइट ही जुनी घरची नामं. 'मेंट' फ्रेंचमार्गे आलं. 'अल' बहुधा शेवटच्या अवयवावर आघात असलेल्या क्रियापदांना लागतं: अराइव्ह–अरायव्हल, रिफ्यूज–रिफ्यूजल. बरियल तेवढं वेगळं. जुन्या इंग्रजीतल्या मूळ शब्दाच्या शेवटचा 'स' लोकांना अनेकवचनाचा वाटला, आणि तो छाटून हा शब्द उरला! आपण तरी लढण्याची लढाई करतो म्हणून पळण्याची 'पळाई' करतो का? मागणी, थकवा, बनावट, धाव: प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

असेच आणखी काही समज. एका क्रियापदाचं एकच नाम? मूव्हपासून मूव्हमेंट आहे, नुसतं मूव्हही आहे, आणि दोन्हींचा अर्थ एक नाही.

मूळ इंग्रजी क्रियापदाला लॅटिन प्रत्यय चालत नाही? स्टार्व्हेशन अठराव्या शतकापासून नांदतंय.

क्रियापदाचं स्पेलिंग जसंच्या तसं ठेवून पुढे प्रत्यय चिकटवायचा? प्रोनाउन्समधला दुसरा 'ओ' प्रोनन्सिएशनमध्ये गळतो, कितीही सुशिक्षितांनी लिहिला तरी.

'इंग' लावलं की भाववाचकच? बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी विचार करावा.

आणि भाववाचक नामाला अनेकवचन नसतं म्हणणाऱ्यांनी विमानतळावरच्या पाट्या वाचाव्यात: अरायव्हल्स, डिपार्चर्स.