यकृत, दारू आणि जडीबुटी : चिनी औषधांबद्दल थोडेसे

दारूमुळे यकृत बिघडल्याचे निदान झाले की आपल्या घरांतून दोन गोष्टी हमखास घडतात. एक म्हणजे ही बातमी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, आणि दुसरी म्हणजे गुपचूप काहीतरी ‘नैसर्गिक’ औषध सुरू करायचे. पुण्याहून कोणी भुईआवळ्याचे चूर्ण पाठवते, कोणी गुळवेलीचा काढा सुचवते, तर कोणी हाय स्ट्रीटवरच्या चिनी औषधांच्या दुकानाचे नाव सांगते. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. तेव्हा पुढील माहिती ही उपचार म्हणून नव्हे, तर डॉक्टरांना काय विचारावे आणि काय सांगावे हे कळावे म्हणून वाचावी.

यकृत कसे बिघडते?

यकृताच्या बिघाडाचे ढोबळमानाने तीन टप्पे आहेत. पहिल्यात यकृतात चरबी साठते. बहुधा काहीच त्रास होत नाही आणि दारू पूर्ण थांबवली तर ही चरबी काही आठवड्यांपासून उतरू लागते. दुसऱ्या टप्प्यात यकृताला सूज येते. ती तीव्र झाल्यास कावीळ होते आणि जिवावरही बेतू शकते. तिसरा टप्पा सिऱ्होसिसचा. यात यकृताची जागा कडक व्रण घेतात. हे व्रण सहसा पुरते भरून येत नाहीत. पण या टप्प्यावरही दारू सोडणाऱ्याचे आयुष्य न सोडणाऱ्यापेक्षा बरेच वाढते.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून स्त्री-पुरुष दोघांसाठीही आठवड्याला १४ युनिटपेक्षा जास्त पिऊ नये असा सल्ला आहे. आपला ६० मिलिलिटरचा ‘लार्ज’ पेग (४० टक्क्यांची व्हिस्की) म्हणजे २.४ युनिट. असे सहा पेग झाले की आठवड्याची मर्यादा ओलांडली! ७० सेंटिलिटरची बाटली म्हणजे २८ युनिट, म्हणजेच एका माणसाचा दोन आठवड्यांचा हिशेब. ज्यांचे यकृत आधीच बिघडले आहे त्यांच्यासाठी मात्र मर्यादा एकच : शून्य.

चिनी वैद्यक काय म्हणते?

चिनी वैद्यकात नाडी व जीभ पाहून निदान करतात. दारूने शरीरात ‘उष्णता आणि ओल’ साचते असे ते मानतात. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या आपल्याला ही भाषा परकी वाटत नाही, आणि म्हणूनच विश्वासही चटकन बसतो.

दारूवर त्यांचे प्रसिद्ध औषध म्हणजे कुडझू या वेलीचे मूळ. आपला विदारीकंद हा तिचाच भाऊबंद. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात १४ जणांनी आठवडाभर कुडझू घेतल्यावर बिअर कमी प्यायली. निष्कर्ष उत्साहवर्धक खरा, पण त्यात मोजले गेले ते बिअरचे प्रमाण, यकृताची सुधारणा नव्हे. हा फरक दुकानातल्या जाहिरातीत सापडत नाही.

उलट काही चिनी औषधे यकृतालाच इजा करतात. केस काळे राहावेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या ‘हे शौ वू’ या मुळीबद्दल ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००६ मध्ये इशारा दिला होता. अनेक चिनी काढ्यांत ज्येष्ठमध असतो. खोकल्याला चिमूटभर ठीक, पण रोज जास्त प्रमाणात घेतल्यास तो शरीरात पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम कमी करतो. सिऱ्होसिसमुळे पोटात पाणी झालेल्या रुग्णाला नेमके हेच नको असते.

आपली औषधे तरी?

चिनी औषधांना नावे ठेवून आपली पुडी पुढे करण्यात अर्थ नाही. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हा वादाचा एक मुद्दा होता. पण रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न तोच राहतो : पुडीत नक्की काय आहे? घरोघरी ठाऊक असलेल्या लिव्ह-५२ बद्दल सांगायचे तर, श्रीलंकेत दारूमुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात हे औषध आणि औषध नसलेली गोळी यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मूळ मुद्दा साधा आहे. पोटात गेलेले बहुतेक औषध, मग ते गोळी असो वा काढा, यकृताकडूनच जाते. आजारी यकृतावर हा जादा भार घालायचा की नाही, हे त्याच्या तपासण्या पाहणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

मग करावे काय?

१. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद करू नये. थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. जीपीला भेटून, औषधांच्या आधाराने सोडावी.

२. घेत असलेल्या सर्व पुड्या, गोळ्या, काढे बाटल्यांसकट डॉक्टरांना दाखवावेत. ते रागावतील ही भीती सोडा.

३. सिऱ्होसिसच्या रुग्णाने उपवास करू नयेत. रात्री झोपण्यापूर्वीही थोडे खावे, कारण उपाशी यकृत स्नायूंना खाऊ लागते. संकष्टी, एकादशी घरातल्या इतरांनी करावी! डाळ, दही, अंडी, मासे भरपूर. पोटात पाणी असल्यास लोणचे-पापड बंद.

४. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली तर ताबडतोब ९९९.

पैशाची बाजू

इथे राहणाऱ्यांना जीपी, रक्ततपासणी आणि ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीतले यकृततज्ज्ञ एनएचएसवर मोफत मिळतात. चिनी औषधांचा खर्च मात्र खिशातून होतो. तेव्हा कित्येक आठवड्यांच्या ‘कोर्स’चे पैसे आगाऊ भरू नयेत. पाकिटावर ‘टीएचआर’ क्रमांक आहे का ते पाहावे; पण तो क्रमांक किरकोळ तक्रारींच्या औषधांनाच मिळतो आणि गुण येण्याची हमी देत नाही. आयुर्विम्याच्या अर्जात मद्यपान लपवू नये, नाहीतर ऐन वेळी कुटुंबाचा दावा नाकारला जाऊ शकतो. दारूचे व्यसन असल्यास वाहनचालकाने डीव्हीएलएला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

मदत कोठे मिळेल?

ब्रिस्टल ड्रग्ज प्रोजेक्ट ही संस्था १९८६ पासून काम करते. नावात ‘ड्रग्ज’ असले तरी दारूसाठीही ती मदत करते. त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून मुक्तांगण सुरू केले. व्यसन हा आजार आहे आणि त्यात घरच्यांनाही सामील करून घ्यायचे, हा विचार मुक्तांगणने मराठी घरांत रुजवला. तो विचार इकडे येताना विमानतळावर सोडून येण्याचे कारण नाही. घरातल्या कोणाचे पिणे वाढलेले दिसत असेल, तर पुडी मागवण्याआधी जीपीची वेळ घ्या, आणि शक्य असेल तर सोबत जा.