कॅमेऱ्यावाचून चित्रपट!

चित्रपट काढायचा म्हणजे कॅमेरा हवा, नटनट्या हव्यात. पैसा तर हवाच! पण स्टॅन ब्रॅकेज (१९३३-२००३) ह्या अमेरिकन अवलियाने १९६३ साली ह्यांतले काहीएक न घेता ‘मॉथलाइट’ काढला. फिल्म घ्यायलाही पैशांची चणचण. तेव्हा दिव्यावर झेपावून मेलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या नि गवताची पाती त्याने १६ मिलिमीटरच्या दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये बसवली आणि त्यावरून प्रत छापून घेतली. चारेक मिनिटांचा हा मूकपट मी पाहिला. पंखांवरच्या शिरा पडद्यावर थरथरतात, फडफडतात, दिसेनाशा होतात. एका दिव्याने घेतलेला प्राण प्रोजेक्टरच्या दिव्याने क्षणभर परत दिला! पणतीखालचे पंख झाडताना आता माझा हात जरा अडखळतो.